चारशे चाळीसच्या खाली

३ सप्टेंबर, मंगळवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस. ही वही प्रयोगशाळेच्या नोंदवहीच्या नियमांनी लिहायची ठरवली आहे. शाईचं पेन वापरायचं, पान फाडायचं नाही, खोडायचं नाही. चूक सापडली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही.

चार वर्षं वजनकाटे तपासण्यात गेली. कारखाना दुसऱ्या शहरात गेला, मी गेले नाही. आता सहा महिन्यांच्या करारावर एका वाद्यवृंदाकडे आले आहे. यांना माझी गरज का पडावी, हे मुलाखतीपर्यंत मलाही कळलं नव्हतं. कारण असं: हे लोक दर शनिवारी अडतीस मुलांना फुकट वाद्यं शिकवतात, वाद्यंही वापरायला देतात. खर्च एका न्यासाच्या अनुदानातून चालतो. आजवर अर्जात 'मुलांना फार आनंद मिळतो' एवढं लिहून भागायचं. या वर्षी अर्ज बदलला. रकाना क्रमांक नऊ: 'मुलांच्या प्रगतीचा मोजता येईल असा पुरावा जोडा.'

व्यवस्थापकांना सगळे पाठीमागे 'होईलच' म्हणतात, कारण ते प्रत्येक वाक्य तिथेच संपवतात. मी विचारलं, "अनुदान मिळालं नाही तर?"

"मिळेलच. म्हणजे, नाही मिळालं तर डिसेंबरअखेर वर्ग बंद, वाद्यं कोठारात. पण तुम्ही आहात ना आता. होईलच."

मला संगीतातलं काही कळत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, तेच तर हवंय.

घरी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू पोरांचं गाणं तागडीत घालणार."

साधारण तसंच.

७ सप्टेंबर, शनिवार

वर्ग तालमीच्या सभागृहामागच्या लांबट खोलीत भरतो. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, खिडक्या उंच, भिंतीवर घड्याळ (चार मिनिटं पुढे). शिकवतात ते चेलो वाजवणारे सर. उंच, कमी बोलणारे, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं. मुलं आठ ते चौदा वर्षांची.

पद्धत ठरवली. प्रत्येक मुलाने एकट्याने एक ठरावीक लांब सूर वाजवायचा. तो एका सेकंदाला ४४० कंपनांचा असायला हवा, जगभर तसं मानतात. सूर मोजायचं मीटर आणलं आहे, ते फरक दाखवतं. फरकाचं माप सेंट: शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. मुलगा जितका शिकेल तितका फरक कमी होईल. साधं आहे.

आजची सरासरी: १५ सेंट. सुरुवात म्हणून ठीक.

वर्गाची पहिली दहा मिनिटं नुसता गोंगाट असतो, अडतीस जण एकाच वेळी कुंईकुंई करतात. त्यात मोजण्यासारखं काही नाही. तेवढ्यात तळघरात जाऊन आले. तिथे वाद्यं दुरुस्त करणाऱ्याची कार्यशाळा आहे. माझ्याच वयाचा असावा. केसांत लाकडाचा भुसा. त्याने न विचारता चहा दिला. कपाला कान नव्हता.

"तुम्ही त्या मीटरवाल्या ना? वर मुलांनी नाव ठेवलंय तुमचं. मीटरताई."

"अर्ध्या तासात?"

"त्यांना हेच येतं लवकर."

१४ सप्टेंबर, शनिवार

सरासरी १५. पहिली दहा मिनिटं तळघरात. कपाला कान बसवलेला होता, पितळेच्या तारेचा. हे त्याचं काम नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

सरासरी १६. चढउतार व्हायचेच.

एक मुलगी लक्षात राहिली. अकरा वर्षांची, उंच, काटकुळी, केसांच्या गुंडाळीत पेन्सिल खोचलेली. सगळे तिला पेन्सिलच म्हणतात. क्लॅरिनेट वाजवते. तिचे आकडे: २२, २२, २२. बाकीची मुलं इकडेतिकडे हलतात तरी, ही जागची हलत नाही. तिला सांगितलं, "थोडं वर यायचा प्रयत्न कर." ती माझ्याकडे, मावशी मोबाइल न कळणाऱ्या माणसाकडे बघते तशी बघत राहिली, आणि म्हणाली, "बरं, ताई."

पुढच्या वाचनालाही २२.

५ ऑक्टोबर, शनिवार

सरासरी १८. मीटर बिघडलं असावं म्हणून शुक्रवारी ते माझ्या जुन्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडून तपासून आणलं. मीटर चोख आहे.

चहाला आज दोन बिस्किटं. त्याने विचारलं, वजनकाटे तपासताना कंटाळा येत नव्हता का? मी सांगितलं, नाही, कारण काटा खोटं बोलत असेल तर तो नेमका कुठे आणि किती खोटं बोलतो हे शोधण्यात मजा असते. तो हसला. विनोद केला नव्हता.

दहा मिनिटांची तेवीस झाली. वर जाताना जिना पळत चढले.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सरासरी २१. सातवा शनिवार. आता शंकेला जागा नाही. सूर बिघडत चालले आहेत. सात आठवडे शिकून मुलं पहिल्यापेक्षा वाईट वाजवतात.

सरांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा काढून पाहिला, मग लावून पाहिला. म्हणाले, "मला तर बरी वाटतात." मी म्हटलं, वाटण्याला आकडा नसतो. ते म्हणाले, "खरंय," आणि एका आठ वर्षांच्या मुलीचा अंगठा सरळ करायला गेले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

मावशीचा निकाल जेवताना: "नाचता येईना अंगण वाकडं. आता पोरं म्हणतील मीटरच वाकडं."

"पोरं काहीच म्हणत नाहीत."

"मग तू कशाला एवढी ताटातलं चिवडतेयस?"

२४ ऑक्टोबर, गुरुवार

अहवाल पाठवायची शेवटची तारीख. होईलचने सकाळपासून माझ्या टेबलाभोवती सात फेऱ्या मारल्या.

"आलेख उलटा नाही का धरता येणार?"

"नाही."

"मग तो जोडलाच पाहिजे असं आहे का? नुसतं 'प्रगती समाधानकारक' असं लिहून..."

"रकाना नऊमध्ये पुरावा मागितलाय. पुरावा हा आहे."

ते खुर्चीत बसले. पहिल्यांदाच त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. होईलच म्हणाले नाहीत.

मी अहवाल जसा होता तसा पाठवला. खाली एक टीपही, नियमाप्रमाणे: 'क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या वाचनात सात आठवड्यांत काहीही बदल नाही. प्रगती शून्य.' हे बरोबर आहे. बरोबर गोष्ट पाठवल्यावर माणसाला झोप यायला हवी.

२६ ऑक्टोबर, शनिवार

सविस्तर लिहायला हवं.

तळघराला कुलूप होतं. तो सुटे भाग आणायला कुठेतरी गेला होता. त्याने मला सांगितलं नव्हतं. सांगायला तो बांधील नाही. पण मग पहिली दहा मिनिटं कुठे घालवायची? वर्गातच रचलेल्या खुर्च्यांच्या एका चळतीवर बसले. आठ शनिवारांत पहिल्यांदा.

गोंगाट सुरू झाला, आणि तो गोंगाट नाहीच, हे मला साधारण तिसऱ्या मिनिटाला कळलं.

सरांनी हात वर केला. सगळे गप्प. पेन्सिल उभी राहिली आणि तिने तो लांब सूर धरला. एकटीने. मग आधी तिच्या शेजारचे दोघं, मग मागची व्हायोलिनं, मग चेलो, मग कोपऱ्यातली तुतारी, एकेक जण आपलं वाद्य पिळत, ओढत, सैल करत तिच्या सुराशी येत गेला. एक लहानगा व्हायोलिनवाला वरच राहिला, तर शेजारच्या मुलीने आपलं वाजवणं थांबवून त्याच्या कानाशी हळूच सूर गुणगुणला. तो खाली आला. मान डोलावली. ती परत वाजवू लागली. हे सगळं सर हात बांधून बघत होते.

मीटर चालू केलं. पेन्सिल: उणे २२. शेजारी: उणे २१. व्हायोलिनं: उणे २३, उणे २२, उणे २२.

सरांना विचारलं, "हे सगळे तिच्याशी का जुळवतात? चारशे चाळीसशी का नाही?"

"क्लॅरिनेटचे तुकडे एकमेकांत ढकलले की सूर चढतो. तिचं पुरतं आत ढकललेलं आहे. आणखी वर जात नाही. ज्याला हलता येत नाही, त्याच्याकडे बाकीच्यांनी जायचं. मोठ्या वाद्यवृंदातही तेच करतो आम्ही."

"तुम्ही मला का सांगितलं नाही?"

"तुम्ही त्या वेळी चहाला असायचात."

कॅलिब्रेशनचा पहिला नियम, माझ्या जुन्या टेबलावर फ्रेम करून लावलेला: आधी प्रमाण वजन तपासा, मग वस्तू. मी वस्तू सात आठवडे तपासली. या खोलीतलं प्रमाण कोणतं, हे एकदाही विचारलं नाही. वर फरकाची अधिक-उणे चिन्हं सरासरी काढताना टाकून दिली, म्हणजे सगळे एकाच बाजूला जमत चाललेत हे दिसायची सोयच ठेवली नाही.

पेन्सिलला विचारलं, तुला हे माहीत होतं?

"हो. मला वर नाही जाता येत, म्हणून ते खाली येतात."

"मी तुला वर ये म्हणाले तेव्हा सांगायचं नाही का?"

"तुम्ही मोठ्या आहात," ती म्हणाली, आणि मग जरा विचार करून, "आणि तुमच्याकडे मीटर होतं."

घरी येऊन सगळी वाचनं चिन्हांसकट पुन्हा मांडली. ४४० सोडून दिलं, मुलांचं एकमेकांपासूनचं अंतर मोजलं. पहिल्या शनिवारी सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या मुलात ५८ सेंट. सातव्या शनिवारी ९.

नऊ! मोठ्या वाद्यवृंदाची तालीम परवा रेकॉर्ड केली होती, तीच पट्टी लावून पाहिली. अकरा.

मावशीला सांगितलं. अंगण खरंच वाकडं होतं, आणि पोरं त्या वाकड्या अंगणात चोख नाचत होती. ती म्हणाली, "मग अंगण मोजायला ठेवलेली बाई काय करत होती?"

चहा पीत होती.

२८ ऑक्टोबर, सोमवार

होईलच आनंदाने अक्षरशः उठून उभे राहिले. मग मी चूक मान्य करणारं पत्र पाठवणार म्हटल्यावर परत बसले.

"चूक कशाला म्हणायची? 'टंकदोष' म्हणू."

"हा टंकदोष नाही. मी चुकीच्या प्रमाणाशी तुलना केली."

"अहो, न्यासाच्या लोकांना प्रमाण-बिमाण काय कळतंय! ते म्हणतील, या बाईंना मोजताच येत नाही, मग हिचा दुसरा आकडा तरी का मानायचा?"

यात तथ्य आहे. तरी पत्र लिहिलं. एक पान. काय मोजलं, काय मोजायला हवं होतं, चूक कोणाची (माझी). शेवटी एक परिच्छेद पेन्सिलबद्दल: 'मागील अहवालात या विद्यार्थिनीची प्रगती शून्य असं लिहिलं होतं. ते मागे घेते. सात आठवडे एकच सूर एका सेंटच्या आत धरून ठेवणं हे प्रमाणाचं काम आहे, आणि प्रमाणाचा गुण म्हणजे ते हलत नाही.'

होईलचने वाचलं. सही केली. म्हणाले, "पाठवा. होईलच काहीतरी."

४ नोव्हेंबर, सोमवार

न्यासाचं उत्तर, चार ओळींचं. मुदतीनंतर सुधारित अहवाल स्वीकारता येत नाही. मात्र पत्राची नोंद घेतली आहे. न्यासाच्या अधिकारी शनिवारी १६ तारखेला वर्ग प्रत्यक्ष पाहतील आणि त्यानंतरच निर्णय होईल.

म्हणजे अडतीस मुलांचं काय ते १६ तारखेला. अहवाल माझा होता, त्यामुळे हे ओझंही माझंच. हे वाक्य नोंदवहीच्या शैलीत बसत नाही. राहू दे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

तळघरात गेले. शनिवार नसताना पहिल्यांदाच. कामासाठी.

क्लॅरिनेट पाच तुकड्यांचं असतं. तोंडाखालचा आखूड तुकडा, लाकडी नळकांडं, तो जरा जरी जास्त लांब असला तरी सगळ्या वाद्याचा सूर खाली उतरतो. पेन्सिलच्या क्लॅरिनेटचा तो तुकडा पूर्वी कधी तरी तडकला होता, तेव्हा यानेच नवा कातून दिला होता.

"मुद्दाम लांब ठेवला होता," तो म्हणाला. "लांब ठेवलेलं कमी करता येतं. आखूड कापलं की संपलं. नंतर बसवून बघू म्हटलं, तर सर म्हणाले वर्ग तिच्याशी जुळवतोय, घाई नाही."

"किती लांब?"

"अंदाजे साडेतीन..."

"अंदाजे?"

त्याने मापक माझ्या हातात दिलं. ३.४ मिलिमीटर. त्याने लेथवर आधी एक चकती कापून काढली, मग थोडं थोडं घासत गेला, आणि मी दर अर्ध्या मिलिमीटरला थांबवून मोजलं. पेन्सिल स्टुलावर बसून पाय हलवत होती आणि प्रत्येक वेळी वाजवून बघत होती. उणे ७. उणे ४. उणे १. शून्य. ती एकदम थांबली. पुन्हा वाजवलं. मग क्लॅरिनेटकडे असं बघितलं, जसं घरातलं माणूस केस कापून आल्यावर त्याच्याकडे बघतात.

न्यासाला एक ओळ कळवली: वाद्य दुरुस्त झालं असून १६ तारखेला सर्व वाचनं ४४० च्या आसपास, पाच सेंटच्या आत येतील. अंदाज आधी लेखी देणं ही शास्त्रीय पद्धत आहे.

तुकड्यातून कापून निघालेली लाकडाची ती अखंड, कड्यासारखी चकती त्याने घासून गुळगुळीत केली आणि मला दिली. म्हणाला, "ठेवा. नमुना." रुंदी २.१ मिमी (बाकीचा भुसा झाला), आतला व्यास २२.४. चांगला नमुना आहे. पेन ठेवायच्या कप्प्यात ठेवला आहे, म्हणजे दिवसातून दहा-बारा वेळा दिसतो.

पेन्सिल जाताना उगाचच हसत होती.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मीटरची बॅटरी बदलली. जादाची बॅटरी. जादाचं मीटर. मावशीने माझा निळा सदरा इस्त्री करून ठेवला. म्हणाली, "मीटर नीट आहे, आता तू जरा नीट दिस." तळघरातला तोही उद्या वर येणार आहे, खुर्च्या मांडायला. खुर्च्या मांडायला दुसरे लोक आहेत, पण असो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

क्रमाने लिहिते.

१०.०० ला न्यासाच्या बाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, एक चष्मा नाकावर आणि दुसरा डोक्यावर. हातात माझे दोन्ही कागद: चुकीचा अहवाल आणि पत्र. होईलचने हार घालायचाच बाकी ठेवला. त्यांनी ते सगळं हाताने बाजूला सारलं आणि मला म्हणाल्या, "तुमच्या जवळ बसते. मला मीटर बघायचंय."

१०.०५ ला पेन्सिल एका लहान मुलीला हाताला धरून घेऊन आली. सहा-सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. पेन्सिलच्या शेजारी राहते. आजच नाव नोंदवलं. हातात शाळेतली प्लास्टिकची बासरी, पिवळी.

होईलच क्षणात तिच्यासमोर वाकले. "अगं वा! बाळ, तू आज नुसतं ऐक हं. पुढच्या शनिवारी वाजवू." मग सरळ होत माझ्या कानात: "आजचा दिवस. एकच दिवस."

मुलीने बासरी पिशवीत ठेवली. पिशवीची चेन अडकली, तिने ती पुन्हा पुन्हा ओढली.

मी हिशेब केला. बासरी स्वस्त, थंड, बहुतेक बरीच खाली. मी लेखी दिलं होतं: पाच सेंटच्या आत. ती वाजली नाही तर माझा आकडा बरोबर येतो. ती वाजली तर न्यासाच्या बाईंसमोर दुसऱ्यांदा चुकीचा.

मी म्हटलं, "वाजवू दे तिला."

"अहो, पण..."

"वर्गात आली आहे ना? मग वाजवू दे."

आवाज जरा मोठा निघाला असावा. खुर्च्या मांडणारा थांबून बघायला लागला.

सरांनी हात वर केला. पेन्सिल उभी राहिली, क्लॅरिनेट तोंडाला लावलं, आणि मग खाली घेतलं. वाकून त्या लहानगीला काहीतरी म्हणाली. लहानगीने बासरी काढली आणि फुंकली. एक बारका, थरथरता, ओलसर सूर.

मीटर: उणे २८.

पेन्सिलने तिचा सूर ऐकला. डोकं एका बाजूला केलं. मग मी आणि तो मिळून ३.४ मिलिमीटर कापून नेमक्या शून्यावर आणलेलं ते क्लॅरिनेट तिने दोन्ही हातांनी धरलं आणि तोच तुकडा ओढून थोडा बाहेर काढला. वाजवलं. आणखी थोडा. वाजवलं. उणे २७. मान डोलावली. आणि तिच्या मागून सगळी खोली खाली उतरली, व्हायोलिनं, चेलो, तुतारी, कोणीही कोणाला काही न सांगता.

न्यासाच्या बाईंनी चष्मे बदलले. "तुम्ही लिहिलं होतं, आज सगळे चारशे चाळीसवर येतील."

"हो."

"हे तर पूर्वीपेक्षाही खाली आहे."

"हो. माझा अंदाज चुकला."

"क्लॅरिनेट दुरुस्त झालंय ना? मग ती का खाली आली?"

"तिलाच विचारा."

त्यांनी विचारलं. पेन्सिलने क्लॅरिनेट खांद्याला टेकवलं. "हिचं वर होत नाही ना अजून," ती म्हणाली. इतकं उघड असलेलं मोठी माणसं का विचारतात, असा तिचा चेहरा. तो मला आता ओळखीचा झाला आहे.

माझ्या मीटरच्या मागे एक छोटं चाक आहे. प्रमाण बदलायचं. इतके महिने मी त्याला हात लावला नव्हता. ४४० वरून एकेक करून खाली आणलं आणि ४३३ वर थांबवलं. मीटर बाईंच्या हातात दिलं. "आता बघा."

त्या मुलांमधून फिरल्या. एकेकाजवळ थांबल्या. काटा मध्यावर, मध्यावर, जरासा डावीकडे, मध्यावर. पिवळ्या बासरीजवळ सगळ्यात जास्त वेळ. मध्यावर. लहानगीने फुंकता फुंकताच डोळे मोठे करून काट्याकडे बघितलं.

परत येऊन बाई म्हणाल्या, "हे चाक तुम्ही आत्ता फिरवलंत."

"हो. १० वाजून २१ मिनिटांनी. तशी नोंद करते."

"करा," त्या म्हणाल्या. मग डोक्यावरचा चष्मा शोधू लागल्या. तो नाकावर होता.

मुलांनी नंतर एक तीन मिनिटांची धून वाजवली. ती मोजली नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

न्यासाचं पत्र. मागितली होती तीन वर्षं, मिळाली दोन. तिसरं वर्ष पाहणीनंतर. सोबत नव्या अर्जाचा मसुदा माझ्या अभिप्रायासाठी. रकाना नऊ बदलला आहे. आता तिथे दोन प्रश्न आहेत: 'काय मोजलं?' आणि त्याच्या आधी, 'कशाशी तुलना केली आणि ते कोणी ठरवलं?'

होईलच म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं." खरं आहे, म्हटलं होतं. मग त्यांनी माझा करार वर्षभराने वाढवायचं विचारलं. हो म्हटलं.

वही मागे उलटली. १९ ऑक्टोबरच्या पानावर 'सूर बिघडत चालले आहेत' या वाक्यावर एक आडवी रेघ मारली. खालचं वाचता येतं. बाजूला सही केली.

मुलं आता एकोणचाळीस. शनिवारची पहिली दहा मिनिटं मी वर्गात बसते. चहा त्यानंतर. त्यामुळे त्याला वेळेचं बंधन राहिलेलं नाही, हा एक फायदा.

आज तळघरात त्याने विचारलं, तो नमुना अजून आहे का. आहे म्हटलं. बोटात बसतो का? मी म्हटलं, कसा बसेल, त्याचा व्यास २२.४ आहे, अंगठ्यातूनसुद्धा गळून पडतो.

"मग तुमच्या बोटाचा किती?"

"कोणत्या?"

तो जरा गोंधळला. "ते... अंगठ्याशेजारून तिसऱ्या."

मापक समोरच होतं. मोजून सांगितलं: १६.२. त्याने ते तळहातावर पेनाने लिहिलं आणि लगेच मूठ मिटली. कशासाठी ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मावशीला हे सांगितलं, तर तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि बराच वेळ माझ्याकडे नुसती बघत राहिली. पेन्सिल बघते तशी.

माप नोंदवून ठेवणं ही चांगली सवय आहे. पण तळहातावरची शाई धुतली जाते. उद्या त्याला एक वही नेऊन द्यायला हवी.